पोर्ट्समथच्या आरमारी वस्तीतील चर्च आणि चॅपल : आठ शतकांचा मागोवा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्ट्समथ हा ब्रिटिश नौदलाच्या सर्वांत जुन्या तळांपैकी एक आहे. मुंबईच्या इतिहासात या शहराचे नाव एका विवाहामुळे येते. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रागांझा यांचा विवाह १६६२ मध्ये याच शहरातील एका जुन्या धर्मशाळेच्या वास्तूत झाला आणि त्या विवाहाच्या करारान्वये मुंबई बेट आंदण म्हणून इंग्लंडकडे गेले. ती वास्तू पुढे सैनिकी चर्च म्हणून ओळखली गेली. १९४१ च्या हवाई हल्ल्यात तिच्या सभामंडपाचे छत नष्ट झाले. ते आजही पुन्हा घातलेले नाही.

पोर्ट्समथ आणि त्याला लागून वाढलेली पोर्ट्सी ही गोदी कामगारांची वस्ती, या परिसरातील चर्च व चॅपल यांचा इतिहास साधारण बाराव्या शतकापासून सुरू होतो. या वास्तूंपैकी काही राजसत्तेने उभारल्या, काही कामगारांनी स्वतःच्या पैशातून बांधल्या, तर काही राजमान्य धर्मपंथापासून दूर राहिलेल्यांनी उभ्या केल्या. आरमारासाठी राबणारा माणूस आणि त्याच्याकडून काम घेणारी सत्ता यांच्यातील व्यवहार कसा होता, याची साक्ष या वास्तूंच्या इतिहासातून मिळते. थकलेले किंवा अपुरे वेतन हा विषय या इतिहासात पुनःपुन्हा डोके वर काढतो.

शहराची रचना आणि दोन संज्ञा

पोर्ट्समथ शहर मुख्यतः पोर्ट्सी नावाच्या बेटावर वसले आहे. बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात बंदराच्या मुखाशी जुने तटबंदीचे शहर आहे. त्याच्या उत्तरेस नौदलाची गोदी आहे. सातव्या हेन्रीच्या काळात, १४९५ मध्ये, येथे सुकी गोदी बांधण्यात आली. गोदीत काम करणाऱ्यांची संख्या वाढत गेली तशी तटाबाहेरील मोकळ्या जागेवर वस्ती झाली. सुरुवातीला केवळ ‘कॉमन’, म्हणजे गायरान, या नावाने ओळखली जाणारी ही वस्ती अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्ट्सी या नावाने रूढ झाली. तिच्याही पलीकडे पुढे लँडपोर्ट हा दाट वस्तीचा भाग वाढला. बंदराच्या दुसऱ्या तीरावर गॉस्पोर्ट हे गाव आहे.

‘चॅपल’ हा शब्द इंग्लंडमध्ये दोन अर्थांनी वापरला जातो. मुख्य धर्मग्रामाच्या चर्चला जोडलेले, किंवा राजवाडा, किल्ला, रुग्णालय अशा संस्थेपुरते असलेले लहान उपासनागृह हा त्याचा पहिला अर्थ. चर्च ऑफ इंग्लंड या राजमान्य पंथापासून वेगळे झालेल्या मेथडिस्ट, बाप्टिस्ट, इंडिपेंडंट, युनिटेरियन आदी मंडळींचे उपासनागृह हा दुसरा. पोर्ट्समथमध्ये दोन्ही अर्थांची चॅपल होती. त्यामुळे एखाद्या वास्तूला चर्च म्हटले जाते की चॅपल, यावरून तिच्या आश्रयदात्यांची ओळख बऱ्याचदा पटते.

सेंट थॉमसचे चॅपल

नॉर्मन व्यापारी व जहाजमालक जाँ द गिझोर याने ११८० च्या सुमारास पोर्ट्समथ वसवले. कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बेकेट यांची ११७० मध्ये हत्या झाली होती आणि लवकरच त्यांना संतपद मिळाले होते. त्यांच्या स्मरणार्थ चॅपल उभारण्यासाठी गिझोर याने जवळच्या साउथविक मठातील धर्मगुरूंना जमीन दिली. मुंबईच्या फोर्ट भागातील सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ मध्ये सुरू झाले. ते मात्र येशूचे प्रेषित थॉमस यांच्या नावाने आहे. नावात साम्य असले तरी हे दोन थॉमस वेगळे आहेत.

पोर्ट्समथचे हे चॅपल चौदाव्या शतकात धर्मग्रामाचे चर्च झाले. बाराव्या शतकातील वेदीकडील भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे आडवे दालन आजही उभे आहे. सभामंडप व मनोरा मात्र टिकला नाही. १६४२ मध्ये इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या आरंभी पोर्ट्समथ राजाच्या बाजूने होते. पार्लमेंटच्या सैन्याने गॉस्पोर्टच्या तीरावरून केलेल्या तोफमाऱ्यात मनोऱ्याची व सभामंडपाची हानी झाली. सुमारे चार दशकांनंतर, १६८३ ते १६९३ या काळात, त्यांची पुनर्बांधणी झाली. मनोऱ्यावर बसवलेले सोनेरी गलबताच्या आकाराचे वातकुक्कुट शहराचे ओळखचिन्ह ठरले. वाऱ्याची दिशा पाहण्याची गरज चर्चपेक्षा बंदरालाच अधिक होती.

याच चर्चमध्ये बकिंगहॅमचा ड्यूक जॉर्ज व्हिलिअर्स याचे स्मारक आहे. तो इंग्लंडच्या आरमाराचा प्रमुख होता. २३ ऑगस्ट १६२८ रोजी पोर्ट्समथमध्ये जॉन फेल्टन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने त्याला भोसकून ठार केले. थकलेले वेतन आणि नाकारलेली बढती ही फेल्टनची गाऱ्हाणी होती. त्याला फाशी झाली. मात्र ड्यूकच्या मोहिमा फसल्याने लोकमत त्याच्या इतके विरोधात होते की, अनेकांनी मारेकऱ्याचे उघड कौतुक केले.

डोमस डेई : धर्मशाळा ते शस्त्रागार

जुन्या शहरातील दुसरी महत्त्वाची वास्तू म्हणजे डोमस डेई, अर्थात ‘ईश्वराचे घर’. विंचेस्टरचे बिशप पीटर द रोश यांनी १२१२ च्या सुमारास तिची स्थापना केली. समुद्रमार्गे ये-जा करणारे यात्रेकरू, आजारी व वृद्ध यांच्यासाठी ही धर्मशाळा होती. लांबट दालनात रुग्णांच्या खाटा आणि एका टोकाला चॅपल अशी तिची रचना होती. अंथरुणावर पडल्या पडल्या रुग्णांना उपासना ऐकता यावी, हा त्यामागील हेतू होता.

९ जानेवारी १४५० रोजी येथे घडलेल्या घटनेने शहराच्या नावाला दीर्घकाळ डाग लागला. चिचेस्टरचे बिशप ॲडम मोलिन्स हे राजाच्या वतीने खलाशी व सैनिकांचे वेतन देण्यासाठी आले होते. फ्रान्समधील मुलूख गमावल्याचा राग आधीच धुमसत होता. त्यातच वेतनावरून वाद पेटला आणि जमावाने बिशपची हत्या केली. चर्चने संपूर्ण शहरावर धर्मबहिष्काराची शिक्षा लादली. १५०८ मध्ये नगरवासीयांनी सार्वजनिक प्रायश्चित्त घेतल्यानंतर तिचे निवारण झाले. पैसे थकवले राजसत्तेने, जीव गेला धर्माधिकाऱ्याचा आणि प्रायश्चित्त घेतले नगराने, असा हा प्रसंग होता.

आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडल्यानंतर इंग्लंडमधील मठ विसर्जित करण्यात आले. साउथविकचा मठ १५३८ मध्ये आणि डोमस डेई १५४० मध्ये संपुष्टात आली. रुग्णांच्या दालनात शस्त्रे ठेवली जाऊ लागली. पुढे परिसराच्या एका भागात पोर्ट्समथच्या लष्करी गव्हर्नरचे निवासस्थान झाले. चॅपल मात्र सैनिकांच्या उपासनेसाठी राहिले. त्यावरूनच रॉयल गॅरिसन चर्च हे नाव आले. जेन ऑस्टिन यांच्या १८१४ मधील ‘मॅन्सफिल्ड पार्क’ या कादंबरीतील पोर्ट्समथचे कुटुंब रविवारी याच गॅरिसन चॅपलमध्ये जाते. लेखिकेचे दोन भाऊ नौदलात अधिकारी होते.

विवाह आणि मुंबई बेट

इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यातील विवाहकरार जून १६६१ मध्ये झाला. त्यानुसार मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील टँजिअर, मुंबई बेट आणि मोठी रोख रक्कम चार्ल्सला मिळणार होती. त्या बदल्यात स्पेनविरुद्ध पोर्तुगालला इंग्लंडचे साहाय्य मिळणार होते. कॅथरिन मे १६६२ मध्ये पोर्ट्समथ बंदरात उतरली. त्या काळच्या इंग्रजी दिनगणनेनुसार २१ मे रोजी डोमस डेईच्या परिसरातील गव्हर्नरच्या निवासस्थानी विवाह झाला. राजकन्या रोमन कॅथलिक, तर राजा चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख. त्यामुळे आधी कॅथलिक पद्धतीचा विधी खासगीत उरकण्यात आला आणि नंतर अँग्लिकन विधी जाहीरपणे झाला.

कागदावर मिळालेले बेट प्रत्यक्षात हाती येण्यास आणखी काही वर्षे गेली. सर अब्राहम शिपमन यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या इंग्रज तुकडीला मुंबईतील पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ताबा देण्यास नकार दिला. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर तळ ठोकून राहिलेल्या या तुकडीतील बहुतेक सैनिक रोगराईने व उपासमारीने मरण पावले. शिपमन यांचाही तेथेच १६६४ मध्ये मृत्यू झाला. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुक यांनी मुंबईचा ताबा घेतला. १६६८ मध्ये राजाने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला वार्षिक १० पौंड भाड्याने दिले.

पोर्ट्समथचे भारताशी नाते त्यानंतरही टिकून राहिले. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातील जहाजबांधणी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सागवानापासून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि १८१९ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत पोहोचली. १८४३ मध्ये सिंध जिंकून घेणारे जनरल सर चार्ल्स नेपियर यांचा १८५३ मध्ये पोर्ट्समथजवळ मृत्यू झाला. त्यांचे दफन गॅरिसन चर्चच्या आवारात करण्यात आले. त्यांनी जिंकलेला सिंध पुढे १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता.

गोदी कामगारांनी बांधलेले चर्च

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोर्ट्सीच्या गायरानावर शेकडो घरे उभी राहिली होती. जहाजांचे सुतार, लोहार, दोरखंड वळणारे, शीड शिवणारे अशा कारागिरांची ही वस्ती होती. त्यांचे धर्मग्राम म्हणजे किंग्स्टन येथील सेंट मेरी चर्च. बाराव्या शतकापासून अस्तित्वात असलेले हे चर्च बेटाच्या अंतर्भागात, शेतांच्या पलीकडे होते. बाप्तिस्मा, विवाह किंवा दफन यांसाठी कामगारांना तेथवर जावे लागे. त्यांच्या वस्तीत राजसत्तेची गोदी होती. उपासनेची जागा मात्र नव्हती.

या कामगारांनी पुढाकार घेऊन १७५३–५४ मध्ये सेंट जॉर्ज चर्च बांधले. जहाजबांधणीत मुरलेल्या हातांनी उभारलेली ही विटांची वास्तू साधी, चौकोनी आणि मोठ्या खिडक्यांची आहे. इंग्लंडमधील नेहमीच्या ग्रामीण चर्चपेक्षा ती अमेरिकेतील न्यू इंग्लंड प्रांतातील तत्कालीन चर्चच्या अधिक जवळची वाटते, असे वास्तुअभ्यासक नमूद करतात. सेंट जॉर्ज आजही पोर्ट्सीमध्ये उभे आहे. पोर्ट्समथच्या इतिहासात या वास्तूचे स्थान वेगळे आहे. कारण ती राजाच्या, सरदाराच्या किंवा बिशपच्या इच्छेने नव्हे, तर तेथील कामगारांच्या गरजेतून उभी राहिली.

गोदीच्या भिंतीआड

गोदीच्या आवारात नौदलाचे स्वतःचे चॅपल १७०४ पासून होते. १७८० च्या दशकात गोदीच्या आयुक्तांसाठी नवे निवासस्थान बांधायचे ठरले, तेव्हा जुने चॅपल पाडावे लागले. त्याच्याऐवजी १७८५ ते १७८७ या काळात सेंट ॲन चर्च बांधण्यात आले. ब्रिटिश नौदलाच्या धार्मिक परंपरेत त्याला मानाचे स्थान आहे.

नौदलात धर्म हा शिस्तीचाही भाग होता. आरमारी शिस्तीच्या कायद्याचे पहिलेच कलम जहाजावर चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने सार्वजनिक उपासना घेण्याविषयी होते. जहाजावरील धर्मगुरूच्या उत्पन्नात भर घालण्यासाठी प्रत्येक खलाशाच्या मासिक वेतनातून ४ पेन्स कापून घेण्याची प्रथा दीर्घकाळ होती. खलाशी कोणत्या पंथाचा आहे, हे त्यासाठी विचारात घेतले जात नसे.

खलाशाचे वेतन १६५३ मध्ये ठरले होते. साध्या खलाशाला महिन्याला १९ शिलिंग आणि कुशल खलाशाला २४ शिलिंग हा दर त्यानंतर जवळपास दीड शतक बदलला नाही. एप्रिल १७९७ मध्ये पोर्ट्समथसमोरील स्पिटहेड या नांगरवाड्यात उभ्या असलेल्या आरमाराने समुद्रात जाण्यास नकार दिला. वेतनवाढ, पुरेसे अन्न आणि जखमींची नीट व्यवस्था या त्यांच्या मागण्या होत्या. फ्रान्सशी युद्ध सुरू असताना झालेल्या या संपापुढे सरकार नमले. वेतनवाढ मिळाली आणि बंड करणाऱ्यांना राजाची माफीही मिळाली. १४५० मध्ये बिशपच्या हत्येपर्यंत गेलेला वेतनाचा प्रश्न साडेतीन शतकांनंतर त्याच किनाऱ्यावर संघटित मागणीच्या रूपाने सुटला.

राजमान्य पंथाबाहेरची मंडळी

१६८९ च्या सहिष्णुता कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडबाहेरील प्रोटेस्टंट मंडळींना उपासनेची मुभा दिली. पोर्ट्समथच्या हाय स्ट्रीटवर अठराव्या शतकाच्या आरंभी प्रेस्बिटेरियन मंडळींचे चॅपल उभे राहिले. पुढे ते युनिटेरियन पंथाचे झाले. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनीही या शहराला अनेकदा भेट देऊन प्रवचने केली. दूरच्या सफरींवर जाणारे खलाशी, त्यांची वाट पाहणारी कुटुंबे आणि गोदीतील कारागीर हा या चॅपलचा मुख्य आधार होता.

हाय स्ट्रीटच्या चॅपलशी जॉन पाउंड्स यांचे नाव जोडलेले आहे. १७६६ मध्ये जन्मलेले पाउंड्स गोदीत उमेदवारी करीत असताना, वयाच्या पंधराव्या वर्षी सुक्या गोदीत पडून कायमचे अपंग झाले. त्यांनी चर्मकाराचा व्यवसाय पत्करला. जोडे शिवता शिवता आपल्या लहानशा दुकानात ते परिसरातील अनाथ व गरीब मुलांना विनामूल्य लिहायला, वाचायला व हिशेब करायला शिकवीत. १८३९ मध्ये त्यांचे निधन झाले. या चॅपलच्या आवारात त्यांचे दफन झाले. गरीब मुलांसाठी पुढे ब्रिटनभर निघालेल्या ‘रॅगेड स्कूल’ या मोफत शाळांच्या चळवळीने त्यांना आपले प्रेरणास्थान मानले.

बंदरापलीकडच्या गॉस्पोर्ट येथे इंडिपेंडंट पंथाचे पाळक डेव्हिड बोग यांनी १७७७ पासून जवळपास अर्धशतक काम केले. १७९५ मध्ये स्थापन झालेल्या लंडन मिशनरी सोसायटीच्या संस्थापकांमध्ये त्यांचा समावेश होता. त्यांच्या गॉस्पोर्ट येथील अकादमीत या संस्थेचे मिशनरी शिकत. चीनमध्ये गेलेले पहिले प्रोटेस्टंट मिशनरी रॉबर्ट मॉरिसन हे त्यांचेच विद्यार्थी. बोग यांनी स्वतः बंगालमध्ये येण्याची तयारी केली होती. परंतु ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी नाकारली. कंपनीच्या मुलखात मिशनरींना प्रवेशाचा मार्ग १८१३ च्या सनदी कायद्याने खुला झाला. मुंबईतील अमेरिकन मिशनचे काम सुरू झाले तोही हाच काळ.

रोमन कॅथलिकांना उपासनागृहे उघडण्याची कायदेशीर मोकळीक १७९१ मध्ये मिळाली. त्यानंतर लवकरच पोर्ट्सीमध्ये त्यांचे चॅपल सुरू झाले. नौदलात व लष्करात आयरिश लोकांचे प्रमाण मोठे असल्याने या समाजाची संख्या वाढत गेली. १८८२ मध्ये पोर्ट्समथ हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला आणि त्याच वर्षी सेंट जॉन कॅथेड्रलचे उद्घाटन झाले. ज्या शहरात राणीला आपल्या धर्माचा विवाहविधी खासगीत उरकावा लागला होता, तेथे दोनशे वीस वर्षांनी तिच्या पंथाचे कॅथेड्रल उभे राहिले.

वाफेची जहाजे आणि दाट वस्ती

१८०१ च्या जनगणनेत पोर्ट्समथ व पोर्ट्सी मिळून लोकसंख्या सुमारे ३२ हजार होती. वाफेच्या व पोलादी जहाजांच्या युगात गोदीचा अनेक पटींनी विस्तार झाला आणि १९०१ पर्यंत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या वर गेली. जुनी चर्च या लोकसंख्येला अपुरी पडू लागली.

किंग्स्टनच्या सेंट मेरी चर्चमध्ये ४ मार्च १८१२ रोजी चार्ल्स डिकन्स यांचा बाप्तिस्मा झाला होता. त्यांचे वडील नौदलाच्या वेतन कार्यालयात लिपिक होते. ते मध्ययुगीन चर्च १८४० च्या दशकात पाडून नवे बांधले गेले. तेही पुरेसे न ठरल्याने आर्थर ब्लूमफिल्ड यांच्या आराखड्यानुसार आजची भव्य वास्तू १८८७ ते १८८९ या काळात उभी राहिली. नौदलाचे माजी मंत्री आणि प्रसिद्ध पुस्तकविक्रेते विल्यम हेन्री स्मिथ यांनी तिच्यासाठी मोठी देणगी दिली. पोर्ट्सीचे धर्मग्राम एवढे मोठे होते की, येथील मुख्य पाळकाच्या हाताखाली डझनभराहून अधिक तरुण सहायक काम करीत. १८९६ ते १९०१ या काळात येथे असलेले कॉस्मो लँग पुढे यॉर्कचे व नंतर कँटरबरीचे आर्चबिशप झाले. सिरिल गार्बेट हेही येथूनच पुढे यॉर्कच्या आर्चबिशपपदापर्यंत पोहोचले.

लँडपोर्टमधील गरीब वस्तीत विंचेस्टर कॉलेज या शाळेने १८८० च्या दशकाच्या प्रारंभी मिशन सुरू केले. १८८५ मध्ये फादर रॉबर्ट डॉलिंग यांनी त्याची सूत्रे हाती घेतली. त्यांनी व्यायामशाळा काढली, मुलांसाठी वर्ग चालवले, खलाशी व सैनिकांसाठी घराची दारे उघडी ठेवली आणि दारूचे गुत्ते व कुंटणखाने यांच्याविरुद्ध मोहीम उघडली. इटलीतील प्राचीन चर्चच्या धर्तीवर त्यांनी बांधून घेतलेले सेंट ॲगथा चर्च ऑक्टोबर १८९५ मध्ये सुरू झाले. रंगीत गिलाव्याचे थर कोरून हेवूड समनर यांनी केलेली तेथील भित्तिचित्रे प्रसिद्ध आहेत. मात्र मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या वेदीवरून बिशपशी मतभेद झाल्याने डॉलिंग यांनी अल्पावधीतच राजीनामा दिला. या वस्तीतील दहा वर्षांचा अनुभव त्यांनी १८९६ मध्ये पुस्तकरूपाने मांडला.

याच काळात ॲग्नेस वेस्टन यांनी खलाशांसाठी ‘रॉयल सेलर्स रेस्ट’ ही निवासगृहे उभारली. पहिले प्लिमथजवळील डेव्हनपोर्टच्या आरमारी वस्तीत १८७६ मध्ये आणि त्यानंतर १८८१ मध्ये पोर्ट्समथमध्ये सुरू झाले. स्वच्छ बिछाना, जेवण, वाचनालय आणि दारूविना विरंगुळा अशी तेथील व्यवस्था होती. औपचारिक अर्थाने ही चर्च नव्हती. तरीही किनाऱ्यावर उतरलेल्या खलाशाला धर्मसंस्थेचा सर्वांत जवळचा परिचय अनेकदा येथेच होत असे.

१० जानेवारी १९४१

दुसऱ्या महायुद्धात नौदलाचा तळ म्हणून पोर्ट्समथवर जर्मन विमानांनी अनेकदा बॉम्बफेक केली. १० जानेवारी १९४१ च्या रात्रीचा हल्ला सर्वांत भीषण ठरला. त्यात १७१ नागरिक मृत्युमुखी पडले आणि शहराचा मध्यभाग जळून गेला. गॅरिसन चर्चच्या सभामंडपावर आगलावे बॉम्ब पडले. छत नष्ट झाले. वेदीकडील भाग मात्र वाचवण्यात यश आले. हाय स्ट्रीटवरील युनिटेरियन चॅपल उद्ध्वस्त झाले. त्याच वर्षी सेंट ॲन चर्चचेही मोठे नुकसान झाले. पोर्ट्सीतील आणखी काही उपासनागृहे युद्धकाळात कायमची नाहीशी झाली.

युद्धानंतर प्रत्येक वास्तूबाबत वेगळा निर्णय झाला. सेंट ॲन चर्चची दुरुस्ती १९५० च्या दशकात पूर्ण झाली. हाय स्ट्रीटवर युनिटेरियन मंडळींनी नवी वास्तू उभारली आणि तिला जॉन पाउंड्स यांचे नाव दिले. गॅरिसन चर्चचा सभामंडप छताविनाच ठेवण्यात आला. बॉम्बफेकीने ओस पडलेल्या लँडपोर्टमध्ये भाविक उरले नाहीत. त्यामुळे सेंट ॲगथा १९५० च्या दशकात बंद झाले आणि पुढील सुमारे तीन दशके नौदलाने त्याचा कोठार म्हणून वापर केला. रस्ता रुंदीकरणासाठी त्याचा एक भागही पाडण्यात आला. भित्तिचित्रांचा बराच भाग तगून राहिल्याने नंतर त्याचे जतन झाले आणि १९९० च्या दशकात तेथे पुन्हा उपासना सुरू झाली. सोळाव्या शतकात डोमस डेईचे शस्त्रागार झाले, तसे विसाव्या शतकात सेंट ॲगथाचे कोठार झाले. आरमारी शहरात मोठ्या दालनाची गरज नेहमीच भासते आणि ती भागवताना वास्तूचा मूळ हेतू मागे पडतो, असे या दोन उदाहरणांवरून दिसते.

आजची स्थिती

१९२७ मध्ये पोर्ट्समथ हा स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत झाला आणि सेंट थॉमस चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. विस्ताराचे काम १९३० च्या दशकात सुरू झाले. युद्धामुळे ते थांबले आणि १९९१ मध्ये पूर्ण झाले. अशा रीतीने शहरात आज अँग्लिकन आणि कॅथलिक अशी दोन कॅथेड्रल आहेत. गॅरिसन चर्च संरक्षित वास्तू असून अभ्यागतांसाठी खुले असते. सेंट ॲन नौदल तळाच्या आवारातच आहे.

भारतातही नौदलाच्या सान्निध्यातील जुन्या चर्चची उदाहरणे आहेत. पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ बांधलेले मुंबईतील कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ मध्ये उपासनेसाठी समर्पित झाले. आज ते नौदलाच्या वसाहतीलगत आहे. शिपमन यांच्या तुकडीची वाताहत झालेले अंजदीव बेट प्रशासकीयदृष्ट्या गोव्याचा भाग असून आता भारतीय नौदलाच्या ताब्यात आहे. तेथेही पोर्तुगीज काळातील ‘नोसा सेन्होरा दास ब्रोतास’ हे चर्च आहे. परकीय सत्ता गेल्यानंतर आणि परिसर संरक्षणदलांकडे आल्यानंतर अशा वास्तूंची देखभाल, भाविकांचा प्रवेश आणि वारशाचे जतन यांचा मेळ घालणे, हा दोन्ही देशांतील समान प्रश्न आहे.

पोर्ट्समथच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये एका अनामिक खलाशाची कबर आहे. आठव्या हेन्रीची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका १९ जुलै १५४५ रोजी बंदराच्या तोंडाशी फ्रेंचांशी लढताना बुडाली. तिच्यावरील सुमारे ५०० जणांपैकी मोजकेच वाचले. ऑक्टोबर १९८२ मध्ये नौकेचा सांगाडा समुद्रातून वर काढण्यात आला. तिच्यावर सापडलेल्या अवशेषांपैकी एका खलाशाच्या अवशेषांचे दफन १९ जुलै १९८४ रोजी या कॅथेड्रलमध्ये करण्यात आले. त्या खलाशाच्या काळी जो प्रार्थनाविधी प्रचलित होता, त्याचाच आधार या वेळी घेण्यात आला. राजे, सेनापती आणि ड्यूक यांची स्मारके असलेल्या या शहरात, वेतनावर राबणाऱ्या एका सामान्य माणसाला ४३९ वर्षांनी का होईना, चर्चच्या छताखाली जागा मिळाली.